धुऱ्यावर राखलेली जागा

आमच्या गावाच्या शिवारात रानडुक्कर कधी नव्हतं. दर्यापूरहून अकोल्याकडे जाताना पूर्णेच्या दोन्ही बाजूंना जो खारपाण पट्टा लागतो, त्यात आमचं गाव. विहिरीचं पाणी खारट, जमीन काळी आणि सपाट, झाडं मोजकी. लपायला आडोसा नाही, प्यायला गोडं पाणी नाही. हरणं यायची, रोही म्हणजे नीलगायी यायच्या. डुक्कर मात्र मेळघाटच्या पायथ्याला, नाहीतर चांदूर रेल्वेकडच्या जंगलात. ते तिकडे आणि आम्ही इकडे, असं कायमचं ठरल्यासारखं होतं.

त्यामुळे एका वर्षी दिवाळीनंतर नाल्याकाठचा आमचा धुरा, म्हणजे दोन वावरांमधला मातीचा बांध, जागोजागी उकरलेला दिसला तेव्हा गावानं डुकराचं नाव घेतलं नाही. गुप्तधनाचं घेतलं. कोणीतरी मांत्रिक आणून खणतंय, असं ठरलं. दोघंचौघं जाऊन लिंबू-कुंकू कुठं पडलंय का ते शोधून आले. माझा धाकटा भाऊ गावीच शेती करतो. त्यानं फोनवर हे सगळं हसत हसत सांगितलं, आणि म्हणाला, "माय मात्र वेगळंच इचारून राहिली ताई. म्हणे, किती खोल उकरलं?"

मी अमरावतीला एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. त्या वेळी परीक्षेचे अर्ज सुरू होते. आईच्या प्रश्नाकडे मी लक्ष दिलं नाही.

कोडं सोडवलं ते भावजयीनं. तिचं माहेर परतवाड्याजवळ, डोंगराच्या अगदी खाली. ती वावरात गेली, वाकून बघितलं आणि घरी येऊन आईला म्हणाली, "आत्याबाई, हे कोण्या मांत्रिकाचं काम नाई. नाकानं उकरलं हाय हे. लव्हाळ्याच्या गाठी खाल्ल्या. डुक्कर हाय."

"आपल्याइकडं कुठचं डुक्कर?"

"आता आलं तं आलं. त्याले काय आधार कार्ड मागता?"

गावातल्या बायांनी तिला मग सोडलं नाही. लग्न झाल्यापासून तिला 'जंगलातली' म्हणायच्याच, आता म्हणायला लागल्या, "रुखवतात दुसरं काई आणलं नाई, पण डुकरं आणली व बाई." ती तेवढ्याच ठसक्यात सांगायची, "तुमच्या घरी पाठवू काय दोन? जावयाच्या पंगतीले कामी येतीन."

मी पहिल्यांदा डुकरं पाहिली ती त्याच हिवाळ्यात. फाट्यावर एसटीतून उतरले, भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. सूर्य नुकताच बुडाला होता. गावाच्या अलीकडे त्यानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि बोट दाखवून म्हणाला, "ताई, ते पाय."

कापणी झालेल्या रिकाम्या वावरातून काळ्या पाठी एकामागोमाग एक चालल्या होत्या. सपाट जमिनीवर त्यांना लपायला काही नव्हतं, आणि त्या लपतही नव्हत्या. आवाज अजिबात नाही. एवढं मोठं जनावर, एवढी संख्या, आणि ढेकूळ फुटल्याचासुद्धा आवाज नाही. सगळी आमच्या धुऱ्याकडे गेली. शेवटचं एक थांबलं, आमच्याकडे तोंड करून उभं राहिलं आणि मग तेही वेड्या बाभळींत शिरलं. भावानं पुन्हा किक मारली तेव्हा मला हायसं वाटलं. आवाजामुळे.

घरी गेल्यावर मी कामं वाटून दिली. माझी ती सवय आहे. हरभऱ्याच्या नुकसानीचे फोटो भाऊ काढेल, अर्ज मी भरेन, जुन्या साड्या भावजय गोळा करेल. साड्या वावराभोवती बांधल्या. बॅटरीवर चालणारा भोंगा आणला, त्यात भावानं स्वतःच्या आवाजात "हुर्र, हुर्र" भरलं. चार दिवस बरं चाललं. मग डुकरांना भोंगा पाठ झाला. भावजय म्हणाली, "ते आता भोंगा सुरू झाला का येतात. त्यायले वाटते जेवाले बोलावून राहिले."

शेवटी भावानं मुळावर घाव घालायचं ठरवलं. डुकरं दिवसा धुऱ्यावरच्या वेड्या बाभळींत आणि गवतात बसत होती. आडोसाच ठेवायचा नाही, होळी झाली की जेसीबी लावून धुरा साफ करायचा, जमिनीबरोबर करायचा. शेजारचा शेतकरीही तयार झाला. मला हे एकदम पटलं. खर्च निम्मा-निम्मा, दोन दिवसांचं काम.

आई म्हणाली, "धुऱ्याले हात लावायचा नाई."

काहून, ते सांगेना. भावानं समजावलं, चिडला, पुन्हा समजावलं. ती एकच वाक्य बोलायची आणि उठून जायची. शेवटी त्याचा मला फोन. "ताई, तू ये बापा. तुह्यंच ऐकते ते."

मी रविवारी गेले. आई मागच्या अंगणात सुपात तूर पाखडत होती. मी समोर पाटावर बसले आणि मुद्द्यावर आले. म्हटलं, धुरा साफ केला नाही तर पुढच्या वर्षी हरभरा पेरून उपयोग नाही. तुझं काय म्हणणं आहे ते एकदा सांग.

तिनं सूप खाली ठेवलं. तुरीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तुह्या आंदी एक पोरगी होती," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही ती कोणाबद्दल बोलते आहे.

"बारसं बी नोयतं झालं. ताप आला अन् गेली. तुह्ये बाबा अन् काका घेऊन गेले. लेकराले जाळत नाईत, पुरतात. नाल्याकाठी धुऱ्यात पुरली म्हणे. एवढंच मले माहीत."

"धुऱ्यात कुठं?"

"थे सांगत नसतात बाईले. सांगतलं का बाई जाऊन बसते. पाय तिकडंच वळतात म्हणून नाई सांगत." मग म्हणाली, "मी बी कधी इचारलं नाई. धुरा दिसत होता दुरून, तेवढं पुरे होतं. आता डुक्कर उकरून राहिलं म्हणतात. अन् हा मशीन लावतो म्हणते."

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पन्नाशी ओलांडली आहे. घरातली मोठी म्हणून सगळं मी पाहिलं, बाबांचं आजारपण, भावाचं लग्न, जमिनीचे कागद. गावात अजूनही मला मोठी म्हणूनच हाक मारतात. त्या दुपारी अंगणात मी बसले होते आणि माझ्या आधी कोणीतरी होतं. तिला नाव नव्हतं, त्यामुळे मनातल्या मनातसुद्धा तिला काही म्हणता येईना.

आईला मशीन नको असं नव्हतं. तिला जागा कळायला हवी होती, आणि ती उकरली गेलेली नाही एवढं बघायचं होतं. भावानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "तेवढी जागा सोडून देऊ. पण दाखवन कोण?"

एकच माणूस उरला होता. काका अकोल्याला मुलाकडे राहतात, दुसऱ्या मजल्यावर. गुडघे गेलेत, खाली फारसे उतरत नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज टाकून अकोल्याला गेले. काका टीव्हीसमोर बसले होते. मी विचारल्यावर त्यांनी आवाज बंद केला, पण चित्र चालूच ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बोलले.

"बाभूळ होती एक. नाल्याचं वळण होतं, तिथं. मी खड्डा खणला. दादाच्या हातात पोरगी होती. मी मीठ नेलं होतं संग, घालावं लागते. दादा म्हणे, या मातीत आपण वरून काय मीठ घालावं? पण घातलं." मग म्हणाले, "वैनीनं आता काहून काढलं हे?"

मी डुकरांचं सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "चाल, येतो."

भाड्याची गाडी केली. चुलतभावानं आणि मी धरून त्यांना जिना उतरवला. गावात पोचलो तेव्हा आई तयारच होती. धुवट लुगडं नेसली होती, डोक्यावर पदर, हातात काही नाही. मला वाटलं होतं हळदकुंकू, नारळ असं काही घेईल. काहीच नाही.

वावरात हरभरा निघून गेला होता. काका काठी टेकत, भावाचा खांदा धरत पुढे, आई त्यांच्या मागं, मी आणि भावजय शेवटी. काका नाल्याच्या बाजूनं थेट चालत गेले, कोपऱ्यापर्यंत. तिथं डुकरांनी सगळ्यात जास्त उकरलं होतं. गुडघ्याएवढे खड्डे, मुळं वर आलेली, माती उलटीपालटी. काका थांबले. त्यांनी नाल्याकडे पाहिलं. नाला काही वर्षांपूर्वी खोल केला, सरळ केला, तेव्हापासून तो कालव्यासारखा दिसतो. वळण नाही आणि बाभूळही नाही. काका इकडंतिकडं बघत राहिले. मग मागं वळून त्यांनी आईकडे पाहिलं.

आई खड्ड्यांकडे बघत होती. तिचा चेहरा मी पाहिला नाही, पण मागून तिची मान दिसत होती.

काका वळले. धुऱ्यावरून माघारी तीसेक पावलं आले. तिथं गवत जसंच्या तसं होतं, एक छोटी बोर होती, माती शाबूत. त्यांनी काठी टेकवली.

"वैनी, इथं."

"नक्की ना भाऊजी?"

"इथंच."

"उकरलं तं नाई?"

"नाई. पाय ना तूच. कोणी हात नाई लावला."

आई खाली बसली. गवतावर तळहात ठेवला, नुसता, जसं ताप बघायला कपाळावर ठेवतात. रडली नाही. भावजयीनं तोंडाला पदर लावला. डुकरांनी उकरलेल्या मातीचा ओला वास येत होता, आणि भर दुपारी मला वाटत होतं की आमच्या मागं, कोपऱ्यातल्या त्या खड्ड्यांपाशी, कोणीतरी उभं आहे आणि आम्ही त्याच्याकडे पाठ केली आहे.

काकांना परत सोडायला मी गाडीत गेले. गाव मागं पडल्यावर मी विचारलं, "काका, तुमी आंदी तिकडं कोपऱ्यात गेलते."

ते खिडकीबाहेर बघत होते. "वळणावरच पुरली होती बाई. वळण मशीननं काढलं. ते बाभूळ, ते माती, सगळं उचललं असन तवाच. आता तिले काय खड्डा दाखवू?"

त्यांनी केलं ते मला चूक वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मशीन आलं. दोन दिवसांत सगळा धुरा जमिनीला मिळाला, फक्त त्या बोरीभोवतालचा तुकडा राखला. भावानं चारी कोपऱ्यांना दगड रोवले. लांबून तो तुकडा सपाट जमिनीवर विसरून ठेवलेल्या गाठोड्यासारखा दिसायचा.

आणि आई बदलली. खरंच बदलली. जेवायला लागली, रात्री झोपायला लागली. रोज ऊन उतरलं की तिकडं जाऊन बसायची. भावजय हाक मारायची, "आत्याबाई, चला, च्या झाला," की उठून यायची. बोलायची जास्त. मला फोनवर एकदा म्हणाली, "आज तिकडं बोरीले पालवी फुटली व." तिच्या आवाजात मी असा हलकेपणा पूर्वी ऐकला नव्हता. तिकडं या शब्दाला एक पत्ता मिळाला होता.

पावसाळ्यात तुकड्यावर गवत माणसाएवढं वाढलं. भाऊ कापायला निघाला, आईनं कापू दिलं नाही. दसऱ्यापर्यंत त्यात वेड्या बाभळीही फुटल्या. आता सगळ्या शिवारात, आमच्या बाजूला तरी, आडोसा म्हणून तेवढाच उरला होता. आम्हाला हे कळायला हवं होतं. डुकरांना कळलं.

एका संध्याकाळी आई नेहमीसारखी जाऊन बसली. भावजय थोड्या अंतरावर गवत कापत होती. तिनं नंतर सांगितलं, आधी पिल्लं बाहेर आली. अंगावर पट्टे असलेली, खारीसारखी, पाच-सहा. आईनं त्यांच्याकडे हात केला. मग आतून मादी आली. तिनं पूर्ण धडक दिली नाही, नुसती घुसल्यासारखं करून वळली, पण आई मागं पडली आणि मनगट मोडलं. भावजय विळा घेऊन ओरडत धावली. मादी निघून गेली नाही. गवताच्या तोंडाशी उभी राहून बघत राहिली.

"आमच्या इकडं अशा येळेले कोणी जात नाई तिच्याजवळ," भावजय मला म्हणाली. "पिल्लंवाली हाय ते. ऐकाची नाई ते कोणाचं."

अकोल्याला प्लास्टर करून आणलं. तिसऱ्या दिवशी आई काठी घेऊन पुन्हा वावराकडे निघाली. भावानं दार अडवलं.

"मेली असतीस माय."

"मंग काय झालं असतं?"

"तो तुकडा उद्या साफ करतो मी."

"कर. मी त्याच्यात जाऊन बसते. मंग चालव मशीन."

तो माझ्याकडे आला. मी तोपर्यंत पोचले होते. म्हणाला, "ताई, तूच काई तरी सांग. आता नाई सांगतलं तं एक दिवस तिले तिथून उचलून आणा लागन."

माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. ती त्याला माहीत नव्हती. मी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. तिची जागा एकीकडे, तिचा जीव दुसरीकडे. असं मांडल्यावर उत्तर सोपं होतं. मी आत गेले.

आई खाटेवर बसून प्लास्टरच्या कडेचा धागा ओढत होती.

"माय, ती जागा खरी नाई," मी म्हटलं.

तिनं धागा सोडला नाही.

"काकांनी तुले बरं वाटावं म्हणून दाखवली. खरी जागा नाल्याच्या वळणावर होती. नाला सरळ केला तेव्हा तिथली माती मशीननं उचलली. आता तिथं काई नाई. तू तिकडं जाऊन बसण्यात काई अर्थ नाई."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा काकांवर चिडेल. दोन्हीची तयारी करून मी गेले होते.

"उचलली," ती म्हणाली. "अन् टाकली कुठं?"

हा प्रश्न मी विचारात घेतलाच नव्हता. माझ्या मागं दारात भाऊ उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि उत्तर त्याला माहीत होतं म्हणून त्यानं दिलं. विचार न करता, जसं कोणी गावातली वाट सांगावी तसं.

"वावरात. नाल्याची माती चांगली असते म्हणून सगळ्यायनं नेली. आपण आपल्यात पसरवली. धा-बारा ट्रॉल्या असतीन." मग त्याला कळलं तो काय बोलला, आणि तो बाहेर निघून गेला.

आईनं धागा सोडला. मग म्हणाली, "म्हणजे सगळ्यातच हाय."

तुकडा साफ झाला. आईनं अडवलं नाही, त्या बाजूला पाहिलंही नाही. मादी पिल्लं घेऊन कुठं गेली कळलं नाही. मी अमरावतीला परत आले. ठरवलं होतं ते झालं होतं.

मनगट जुळल्यावर आई पुन्हा वावरात जायला लागली. आता एका ठिकाणी बसत नाही. वावराच्या कडेला चपला काढते आणि सगळ्या वावरात फिरते, ढेकळांतून, हरभऱ्याच्या ओळींमधून. भाऊ ट्रॅक्टर घालतो तेव्हा ती घरात थांबते, दार लावून. कोणी न सांगता भावजयही आता वावरात चपला घालत नाही. तिच्या टाचांना भेगा पडल्या आहेत. मी गेले की मीही काढते.

डुकरं अजून येतात, आडोसा नसला तरी. सकाळी उकरलेल्या जागा दिसतात, कधी या टोकाला, कधी त्या. आई तिथं वाकते आणि विस्कटलेली माती हातानं ओढून पुन्हा सारखी करते. वर तळहात फिरवते. मग पुढचा खड्डा. एकटीला सकाळ पुरत नाही, म्हणून मी गेले की आम्ही वावराचे दोन भाग करतो. नाल्याकडचा ती घेते, रस्त्याकडचा मी.